भैरवी तेवढी ऐकली

परवा रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन ती विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी गेली आणि आता मुलं मार्गी लागल्यावर तिला पुन्हा गाणं आठवायला लागलंय. म्हणाली, ‘‘अगं, तुमच्याकडे ते गाण्याचं मंडळ आहे ना, तसं आम्हालाही सुरू करायचंय. काय काय लागतं ते सांग, लिहून घेते.’’

मी म्हटलं, ‘‘सात माणसं लागतात, दोन तानपुरे लागतात, सतरंज्या लागतात. आणि चहा करायला दुसरं कुणीतरी लागतं.’’

ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टाच करतेय.

माझं लग्न १९८८ साली झालं. माहेरी मी गाण्याच्या परीक्षा देत होते. मध्यमा पूर्ण झाली आणि विशारदचा फॉर्म भरायच्या आत स्थळ सांगून आलं. ‘‘मुलाकडे गाण्याचं वातावरण आहे हो, घरात बैठका होतात,’’ असं मध्यस्थांनी सांगितल्यावर मला कोण आनंद झाला होता! आणि ते खोटं नव्हतं. सासरच्या वाड्याच्या सोप्यात दर दीड-दोन महिन्यांनी गाण्याची बैठक व्हायची. सासरे मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. गावातले डॉक्टर, हायस्कुलातले मास्तर, बँकेतले, साखर कारखान्यातले असे साठ-सत्तर श्रोते यायचे. गवई मिरज-सांगलीचे, कोल्हापूरचे, कधी धारवाड-बेळगावकडचे. आमचं गाव मिरजेपासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे चांगलं गाणं दाराशी यायचं.

दाराशी म्हणजे अगदी दाराशीच. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक माजघर. सोप्यात तानपुरे जुळायला लागले की इकडे स्टोव्ह पेटायचा. विलंबित ख्याल सुरू व्हायचा तेव्हा आम्ही सत्तर कप चहासाठी दूध मोजत असायचो. द्रुत येईपर्यंत पोह्यांना फोडणी. तराणा सुरू झाला की गवई आणि साथीदारांची पानं घ्यायची तयारी. स्टोव्हच्या फरफरीत आलाप जायचा, कपबशांच्या खडखडाटात ताना जायच्या. सगळं आवरून पदराला हात पुसत मी माजघराच्या दाराशी येऊन टेकायचे, तेव्हा भैरवी सुरू झालेली असायची. लोक म्हणायचे, ‘‘वहिनी, काय भाग्य तुमचं, घरात गाणं!’’ मी मान डोलवायची. एकोणीस वर्षं मी घरात गाणं असून भैरवी तेवढी ऐकली.

सासूबाईंची तर त्याआधीची तीस वर्षं. त्यांच्याकडे एक वही होती, शाळेची, दोनशे पानी. तीत प्रत्येक गवयाच्या नावापुढे त्याचं खाणं लिहिलेलं. कुणाला गाण्याआधी दही चालत नाही, कुणाला आमसुलाचं सार नको, कुणाला गरम पाण्यात मिरी-लवंग हवी, कुणी गाण्याआधी काहीच खात नाही पण नंतर ज्वारीची भाकरी आणि ठेचाच मागतो. तबलजींना चहा दर अर्ध्या तासानं. एका मोठ्या गायिकेपुढे नुसतं लिहिलंय : ‘फार साधी बाई. भांडी विसळू लागली.’ त्यांना कुणाचाही गळा सांगता आला नसता, पण पथ्य तोंडपाठ. मी एकदा विचारलं, ‘‘आई, तुम्हाला वाटत नाही का हो, पुढं जाऊन बसावं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बसले असते की. पण मग त्यांना जेवायला कोण घालणार?’’

राग नव्हता त्यात. व्यवहार होता. आणि त्या वेळी मलाही उत्तर सुचलं नव्हतं.

आमचा हा भाग गाण्याच्या बाबतीत श्रीमंत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफनही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. उरुसाच्या वेळी तिथं दरवर्षी संगीत सभा होते. आणि त्याच मिरजेत १९०५ साली त्यांची मुलगी जन्मली, म्हणजे हिराबाई बडोदेकर. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांनी जाहीर कार्यक्रमात गाणं म्हणणं सोडाच, ऐकायला जाणंही जेव्हा बरं दिसत नव्हतं, तेव्हा तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आमच्या मंडळाच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. दर बैठकीला मीच त्याला हार घालत असे आणि स्वयंपाकघरात परत जात असे. यात काही विचित्र आहे हे लक्षात यायला मला इतकी वर्षं लागली, हे सांगायलाही आता लाज वाटते.

२००७ साली मंडळाच्या सचिवांची बदली झाली. वार्षिक सभेत नव्या सचिवाचं नाव सुचवा म्हटल्यावर सगळे सतरंजीची वीण बघायला लागले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. कसं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, ‘‘मी बघते.’’ अध्यक्षांना सगळे काका म्हणत. ते म्हणाले, ‘‘तुम्ही बघताच आहात की वहिनी, सगळं तुमच्याच जिवावर चाललंय.’’ मी म्हटलं, ‘‘नाही काका, सचिवाचं बघते.’’ नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला न विचारता म्हैस विकत घेतली.

सचिव झाल्यावर पहिली चार महिने मी गाण्याचं काहीच केलं नाही, नुसते कागद केले. मैत्रिणीला म्हणूनच आधी ‘सात माणसं’ सांगितलं. संस्था नोंदवायला निदान सात जण लागतात, १८६० च्या कायद्याखाली. महाराष्ट्रात ती सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, १९५० च्या कायद्याखाली. इथपर्यंत सगळे उत्साहानं करतात. पुढचं विसरतात. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. आमच्या मंडळानं तो कित्येक वर्षं दिलाच नव्हता. मी बँकेत सही बदलायला गेले तर परिशिष्ट एकवरच्या नावांपैकी दोघं केव्हाच देवाघरी गेलेले. कागदोपत्री तेच मंडळ चालवत होते! मृत्यूचे दाखले गोळा करायचे, जुनी इतिवृत्तं शोधायची, हिशेब तपासून घ्यायचे, जिल्ह्याच्या गावी चकरा मारायच्या. गाण्याचं मंडळ म्हणजे निम्मं फायलींचं मंडळ, हे त्या चार महिन्यांत कळलं. पण एक सांगते, ज्या बाईनं घरातलं रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि सासऱ्यांचं पेन्शन सांभाळलंय, तिला हे जड जात नाही.

मग पैसे. तेव्हा घरटी वर्गणी वर्षाला तीनशे रुपये आणि सभासद घरं चौऱ्याऐंशी. म्हणजे पंचवीस हजार दोनशे. वर्षाला सहा बैठका, एकेकीचा खर्च साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे तेहतीस हजार. दर वर्षी सात-आठ हजारांचा खड्डा, तो दिवाळीआधी दुकानदारांकडे जाहिराती मागून भरायचा. खर्चाच्या यादीत मी बघते तर शाली! प्रत्येक कलावंताला शाल, श्रीफळ, शिवाय प्रमुख पाहुण्यांना शाल, त्यांच्या पत्नीची ओटी. गवयांच्या घरी शालींची कपाटं भरलेली असतात हो, आपली शाल कुठल्या लग्नात पुढे जाते ते बघायला आपण जात नाही इतकंच. शाल बंद केली. प्रमुख पाहुण्यांचं भाषणही बंद केलं. खरं तर मध्यंतरात ठेवलं, म्हणजे ज्यांना चहा प्यायचा त्यांनी चहा प्यावा. त्यावरून दोन घरांनी वर्गणी बंद केली.

वाचलेल्या पैशांतून एकच केलं. साथीदारांची पाकिटं वेगळी केली. पूर्वी एकच पाकीट मुख्य कलावंताच्या हातात जायचं, तो तबला-पेटीवाल्यांना काय देतो ते त्याचं त्याला ठाऊक. तबलजी रात्रीच्या शेवटच्या एसटीनं परत जायचे, स्वतःचा डग्गा मांडीवर घेऊन. त्यांच्या नावाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं तेव्हा एक वयस्कर तबलजी बराच वेळ त्यावरचं नाव वाचत उभे राहिले. मी घाबरले, नाव चुकलं की काय!

आणि मग वेळेची गोष्ट आली. खरी लढाई तिथं झाली.

आमच्या बैठका पूर्वी रात्री साडेनऊला सुरू होऊन एक-दीड वाजेपर्यंत चालायच्या. नंतर २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्र रात्र चालणाऱ्या मैफलीही त्यामुळे आटोपत्या झाल्या. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण आमचा सोपा काही बंदिस्त सभागृह नव्हे. तेव्हापासून सहा ते साडेनऊ अशी वेळ ठरली. जुनी मंडळी हळहळली. मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीचे राग, ते आता आठ वाजता कसे गायचे? त्यांचं दुःख खरं होतं. रात्री बारा वाजता, गाव निजलेलं असताना लागलेला दरबारीचा गंधार मी माजघराच्या अंधारातून एक-दोनदा ऐकलाय, तो आता कुठून येणार!

पण सहा ते साडेनऊ म्हणजे काय, हे त्या हळहळणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दिवेलागण, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधं, भाकऱ्या. बाईच्या दिवसातली सगळ्यात न सुटणारी वेळ. हजेरीच्या वहीत बघितलं तर सत्तर श्रोत्यांत आठ-नऊ बायका, त्याही बऱ्याचशा मध्यंतरात निघणाऱ्या. मी गावातल्या भिशीत, हळदीकुंकवात, दळणाच्या रांगेत विचारत सुटले, ‘‘गाणं ऐकायला यायचं तर कधी जमेल?’’ सगळ्यांचं उत्तर एकच. रविवारी दुपारी, साडेतीन ते सहा. भांडी झालेली असतात, संध्याकाळचा स्वयंपाक लांब असतो, घरचे झोपलेले असतात.

कार्यकारिणीत हे मांडलं तर काका म्हणाले, ‘‘दुपारी गाणं? वहिनी, दुपारी माणूस झोपतो.’’

‘‘माणूस झोपतो काका. बाई तांदूळ निवडत बसते.’’

दुपारचे राग आठवा, मी म्हटलं. भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी, दिवस कलता मारवा, पूर्वी. परीक्षेसाठी ते सगळे मी शिकले होते, आणि बैठकीत एकही कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे गवई यायचे संध्याकाळी, सुरुवात यमन, नाही तर पूरिया धनाश्री, की पुढं बागेश्री. दुपारचे राग गवयांच्या गळ्यात असतात, पण त्यांना दुपार कुणी देत नाही. कोल्हापूरच्या एका गायिकेला फोन केला, तर त्या एकदम म्हणाल्या, ‘‘मुलतानी गाऊ? किती वर्षांत समोर माणसं बसवून गायले नाहीये!’’ काकांकडे हा निरोप नेल्यावर ते जरा विरघळले. माझ्या भाकऱ्यांनी जे झालं नाही ते मुलतानीनं झालं, चालायचंच.

२००८ च्या फेब्रुवारीतला रविवार. चहा मी चौकातल्या हॉटेलवाल्याला सांगितला, थर्मासमधून, मध्यंतरात, कागदी कपांत. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. ‘‘घरी आलेल्या गवयाला हॉटेलचा चहा?’’ म्हणून सकाळपासून अबोला. त्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या. गुडघे धरलेले, म्हणून पुढच्या रांगेत भिंतीशी एक खुर्ची ठेवली होती. शेवटी पावणेचारला, गवईबाईंना मिरी-लवंगेचं पाणी स्वतःच्या हातानं देऊन, त्या येऊन बसल्या. पदर सारखा करत, कुणाच्या तरी घरी आल्यासारख्या अवघडून.

चारला तानपुरे जुळले आणि वीज गेली. त्या काळात आमच्याकडे दिवसाकाठी कित्येक तास भारनियमन असायचं, आणि त्या आठवड्याचं वेळापत्रक बघायचं मी, सचिवबाई, विसरले होते. माईक बंद, पंखे बंद. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांच्या चेहऱ्यावर ‘सांगत नव्हतो’ स्पष्ट लिहिलेलं. गायिका मात्र शांत. म्हणाल्या, ‘‘सगळ्याजणी जरा पुढं सरका बरं.’’ सरकलो. एक्केचाळीस माणसं, त्यांत एकोणतीस बायका. सोप्याची दारं उघडी टाकली, चौकातून उन्हाची तिरीप आत येत होती आणि माईकशिवाय, फक्त दोन तानपुऱ्यांवर, त्यांनी मुलतानी लावला. मिरजेच्या जुन्या जोडीचा तो आवाज. माईकमधून तो असा कधी ऐकूच येत नाही.

पहिली पंधरा-वीस मिनिटं तबला नुसता ठेक्यावर, सूर एकेक पाऊल पुढं जाणारा. सासूबाई हळूच माझ्याकडे वाकल्या. ‘‘काय गं, हे नेहमी असंच हळू सुरू होतं?’’

‘‘हो आई. विलंबित असतं आधी.’’

‘‘मला वाटायचं, गाणं म्हणजे जोरातच असतं.’’

तीस आणि एकोणीस मिळून जवळपास पन्नास वर्षं त्या घरात गाणं झालं, आणि सुरुवात कशी असते हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. मला त्यानंतरचं गाणं नीट ऐकू आलं नाही. डोळे पुसायला पदर पुरेना, आणि शेजारच्या बाईला वाटलं, सचिवबाईंना गाण्यातलं फार कळतं.

सहाला बैठक संपली. कुणी म्हणालं, भाकऱ्या टाकायच्यात, पळते. कुणी म्हणालं, पुढची कधी?

सगळंच काही असं साजरं झालं नाही. गावातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना संधी म्हणून आम्ही एका बैठकीआधी बारा जणांना पाच-पाच मिनिटं दिली. प्रत्येकाच्या आईवडिलांनी आपलं मूल गाऊन होताच फोटो काढले आणि घरी गेले. शेवटच्या मुलीसमोर कार्यकारिणी आणि तिची आजी. शिवाय ‘आमच्या मुलीला चौथा नंबर का?’ यावरून तंटे. आता वर्षातून दोघांनाच, प्रत्येकी वीस मिनिटं देतो, आणि बाकीच्या मुली आळीपाळीनं कलावंताच्या मागं तानपुऱ्याला बसतात. काही गवई म्हणतात, यंत्र आहे माझ्याकडे, मुली कशाला? मी नम्रपणे सांगते, आमच्या मंडळाचा रिवाज आहे. दोन तास सूर धरून गवयाच्या पाठीमागं बसल्यावर जे कानात जातं ते क्लासमध्ये येत नाही. पूर्वी मला कुणी तिथं बसवलं असतं तर! असो.

तानपुऱ्यांची जवारी बिघडली की मिरजेला जायचं. शिकलगारांनी, म्हणजे पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, तिथं वाद्यं बनवायला सुरुवात केली. भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही बैठकीत पेढे वाटले. मैत्रिणीला मी सांगितलं, तानपुरे नवे घेणार असशील तर आधी ठरव, बायका गाणार की पुरुष. दोघांची पट्टी वेगळी, वाद्याचा आकार वेगळा. म्हणून जोडी एक नको, दोन हव्यात. आमच्याकडे कितीतरी वर्षं पुरुषांच्याच पट्टीची जोडी होती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळं थांबलं. खात्यात एक्केचाळीस हजार होते. आमच्याकडे नेहमी येणारे साथीदार नऊ. गवयांच्या शिकवण्या कशाबशा फोनवर सुरू होत्या, पण तबल्याची साथ फोनवरून कशी करणार? सभेत प्रश्न आला की मंडळाच्या घटनेत मदत देण्याची तरतूदच नाही. तेव्हा पुढच्या बैठकांचं आगाऊ मानधन म्हणून प्रत्येकी साडेचार हजार पाठवले. फायलींचं शिक्षण असं कामाला आलं. पुढं बैठका सुरू झाल्यावर आठ जणांनी वाजवून ते फेडलं.

नववे ते पाकिटावरचं नाव वाचणारे तबलजी. ते २०२१ मध्ये गेले. नंतर एक दिवस त्यांच्या पत्नी एसटीनं आल्या, पिशवीतून पाकीट काढलं. ‘‘ते वाजवायचे राहिले, म्हणून परत द्यायला आले.’’ मी घेतलं नाही. त्यांना म्हटलं, रविवारी बैठक आहे, थांबा. त्या म्हणाल्या, ‘‘मी कधी आले नाही हो त्यांचं ऐकायला. घरी रियाज ऐकायची तेवढाच.’’ त्या रविवारी नाही थांबल्या. पुढच्या महिन्यात आल्या, सोबत नातीला घेऊन.

सासूबाई २०१५ साली गेल्या. त्यांची वही माझ्याकडे आहे, आणि अजून उपयोगी पडते. मैत्रिणीला मी तिच्या काही पानांच्या झेरॉक्स पाठवायचं कबूल केलंय. पाठवण्याआधी परवा चाळत होते, तर २००८ च्या त्या गायिकेच्या नावापुढे लिहिलंय : ‘मिरी-लवंग. आंबट नको. मुलतानी.’ वहीभर पथ्यंच पथ्यं, रागाचं नाव त्या एका ठिकाणी.

येत्या रविवारी पटदीप आहे. तबलजींची नात तानपुऱ्याला बसणार आहे, पहिल्यांदाच. खुर्च्या तीस सांगितल्यात, गुडघेदुखीवाल्या वाढल्यात. हॉटेलवाल्यानं चहा दोन रुपयांनी वाढवलाय, त्याच्याशी बोलायचं राहिलंय.